युनियन मेली का गं?

त्या पोरीचं मनगट ज्या दांड्यानं मोडलं तो दांडा आमच्या युनियनच्या झेंड्याचा होता.

ती माझ्या सोप्यात बसली होती आणि तिचा हात मी माझ्या मांडीवर घेतला होता. मनगटाच्या पुढचा पंजा तिचा नव्हेच असा पडला होता. शेजारची सून ती. नव्या काजू कारखान्यात सोलणीला जाते. तिची सासू दारात उभी राहून बोंबलत होती, आणि पोरगी मात्र रडत नव्हती. दात आवळून सांगत होती.

कारखान्याच्या गेटासमोर जीप आडवी लावून माणसं उभी होती म्हणे. "आज काम बंद. युनियनचा हुकूम हाय." बाया परत फिरल्या. ही फिरली नाही. म्हणाली, "माझी कुठली युनियन? मी कवा झालते सभासद?" त्यावर जीपवाला म्हणाला, "आत्ता करून घेतो की," आणि झेंड्याचा दांडा तिच्या पाठीत घातला. "ही घे पावती." दुसरा डोक्यावर येणार म्हणून हिनं हात आडवा धरला. तो मनगटावर बसला.

"कुठल्या युनियनचा गं झेंडा?" मी विचारलं.

तिनं नाव सांगितलं. ते नाव आम्हीच ठेवलेलं होतं. मी त्या युनियनची चिटणीस. ही पोरगी जन्माला यायच्या आधी आमचा कारखाना बंद पडला आणि युनियन आपोआप विझली, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

पोरगी माझ्याकडं बघून म्हणाली, "आज्जी, तुमची युनियन अशीच मारायची व्हय?"

दांडा मला बसला असता तर बरं झालं असतं.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं आणि तसंच पोलीस चौकीवर गेलो. तिथला हवालदार पान चघळत बसला होता. म्हणाला, "मावशी, नोंदणी झालेली संघटना हाय ती. युनियनचा आपसातला मामला आमी कसा लिवून घ्यायचा? लेबर ऑफिसात जावा." संध्याकाळी त्या जीपवाल्याचा निरोप आला. पोरीनं युनियनला विचारल्याशिवाय गेटात पाऊल टाकलं तर दुसरा हात मोडणार.

आता हिला तर कामावर जायचंच होतं. हात बरा झाला की जाणार म्हणत होती, आणि तिचा नवरा सुरतेला, सासू थकलेली, तेव्हा न जाऊन करणार काय? त्या गेटातनं आत जायचं तर त्याच्या दांड्याखालनंच जायला लागणार होतं. तो दांडा आमच्या नावावर उभा होता. नाव मोडल्याशिवाय दांडा मोडणार नव्हता, एवढं मला त्या रात्री पडल्या पडल्या कळलं.

आता हे नाव कसं जन्माला आलं ते सांगते, म्हणजे पुढचं लागेल.

आजऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. जुना काजू कारखाना गावाच्या टोकाला, पत्र्याचा. तेव्हा यंत्रं नव्हती. मोठ्या ढोलात काजूबी भाजायची, आणि मग आम्ही बायांनी खाली बसून एकेक बी दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं टिचकवायची. टरफल फुटलं पाहिजे आणि आतला गर अख्खा राहिला पाहिजे. टरफलात काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की भाजतं, आणि भाजलेलं काळं पडतं. आम्ही हाताला राख आणि एरंडेल चोळून बसायचो, तरी बोटं सोलायचीच. आतला धूर असा की दोन हातांवरची बाई दिसायची नाही. म्हणून दारापाशी बसायला मिळावं ह्याच्यावरनं रोज मारामारी. खोटं नाही सांगत, झिंज्या उपटायच्या, चावायच्या, पोटात लाथा घालायच्या. मालकाला ते गोडच होतं. एकमेकींत भांडणाऱ्या बाया वरती बघत नाहीत.

आमच्यात एक होती, तिला सगळं गाव मोगरीवाली म्हणायचं. तिचा हात असा की बी टिचकली तरी गराला चरा पडत नसे. भांडणातही तोच हात. एकदा दाराजवळच्या जागेवरनं तिचं आणि दुसऱ्या एकीचं जुंपलं. हिनं मोगरी घालून तिच्या डाव्या हाताचं बोट चेचलं, आणि तिनं समोरचा झारा भरून गरम टरफलं हिच्या तोंडावर फेकली. तेल उकळतं होतं. मोगरीवाली जी ओरडली तो आवाज मला अजून कधी भाजणीचा वास आला की ऐकू येतो. गालाचं कातडं गळ्यापर्यंत लोंबलं. एक डोळा कसाबसा वाचला.

आम्ही तिला उचलून बाहेर आणलं तर मुकादम काय म्हणाला असेल? म्हणाला, "हिचं आजचं अर्धं काम दुसरीला द्या."

त्या वाक्यानं युनियन झाली. बाकी पुढं कागद, शिक्का, अध्यक्ष सगळं आलं, पण झाली ती त्या वाक्यानं.

मोगरीवालीच्या तोंडावरची पट्टी निघायच्या आत आम्ही सगळ्या देवळात जमलो. मधोमध बेल आणि भंडारा ठेवला. एकेकीनं ओंजळीत भंडारा उचलायचा, बोलायचं आणि कपाळाला लावायचा. शपथ आम्हीच केली होती, कुणी लिहून दिली नव्हती. "बाईला एकटं सोडणार न्हाय. युनियनच्या माणसावर हात उचलणार न्हाय. युनियन जिती हाय तवर." सगळ्यात आधी मोगरीवालीनं उचलला. तिच्या पाठोपाठ तिचा गाल जाळणारीनं. त्या दिवसापास्नं त्या दोघी एका ताटात जेवल्या नसतील, पण एकीनं दुसरीला बोट लावलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी मुकादमानं एका पोटुशीवर झारा उगारला.

तो काही युनियनचा नव्हता.

आम्ही सगळ्या मोगऱ्या घेऊन उठलो. गुडघ्यावर मारलं, नडग्यांवर मारलं, हातावर मारलं. तो रांगत रांगत पत्र्याच्या बाहेर गेला, मागं रक्ताचा आणि राखेचा पट्टा. मालकानं मग गुंड आणले, त्यांनी आमची डोकी फोडली, माझ्या कानाच्या वरती अजून खोक आहे, हात लावला तर लागते. पण मुकादम परत कधी दिसला नाही. गावातलाच एक वकील कोल्हापुरात होता, त्याला अध्यक्ष केलं, त्यानं नोंदणी करून आणली. मला थोडं वाचता येत होतं. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकले होते. म्हणून मी चिटणीस.

कारखाना बंद पडला तेव्हा पत्रे उतरवताना आम्ही बघत उभ्या होतो. कुणी गवताला गेली, कुणी बांधकामावर. अध्यक्ष वारले. शिक्का आणि झेंडा त्यांच्या घरी माळ्यावर राहिला. युनियन बंद करायची म्हणजे कुठं सांगायला लागतं, हे आम्हाला काय माहीत? चूल विझली तर कुणी सरकारला कळवतं का?

जीपवाला हा त्या अध्यक्षांचा पुतण्या. माळ्यावरचं सगळं त्यानं खाली काढलं होतं. गेट बंद करायचं, मालकानं काय ते हातावर ठेवलं की दुपारी उघडायचं, हा त्याचा धंदा.

मी कोल्हापूरला गेले. लेबर ऑफिसात एक कारकून आणि आत एक बाई अधिकारी. कारकून म्हणाला, "मावशी, इथं लोक युनियन काढायला येतात. मारायला आलेलं मी पहिल्यांदाच बघतोय."

"बाळंतपण आमीच केलंतं," मी म्हटलं, "माती पण आमीच देणार."

अधिकारी बाई हसली नाही. तिनं जुनं दप्तर काढून बघितलं. म्हणाली, कागदावर चिटणीस अजून तुम्हीच. त्या माणसानं पदाधिकारी बदलल्याचं कधी कळवलंच नाही. वर्षाचा हिशोब तर कित्येक वर्षं कुणी दिला नाही. "मी माझ्याकडून नोटीस काढू शकते, पण तो येऊन सांगेल की युनियन चालू आहे, मुदत द्या. मग तारखा पडत राहतील. त्यापेक्षा तुम्हीच ठराव करून युनियन विसर्जित करा आणि अर्ज द्या. चिटणीस म्हणून तुमची सही, आणि जुन्या नोंदीतल्या सात सभासदांच्या. मग त्याला बोलायला जागा राहणार नाही."

सात. आमच्यातल्या किती मातीत गेल्या, किती पोरांकडं मुंबई-पुण्याला गेल्या. मी गल्लीगल्लीनं हिंडले. सहा झाल्या. सहावी ती गाल जाळणारी. तिचं चेचलेलं बोट अजून वाकडं आहे, त्याच हातानं कागद दाबून धरून तिनं सही केली. म्हणाली, "शपथ माझ्या पायी झाली. मोडायची पण माझ्यापास्नंच मोडू दे." आणि मग कानाशी येऊन म्हणाली, "ती मातूर देनार न्हाय हां सही. जा, बघ."

ती म्हणजे मोगरीवाली. गावात सातवी फक्त तीच राहिली होती.

मी तिच्या घरी गेले. अंगणात बाजलं टाकून बसली होती, जळक्या गालावर पदर ओढून, उन्हाचा तो गाल दुखतो म्हणून. सगळं ऐकून घेतलं तिनं. म्हणाली, "मी भंडारा उचललाय."

"अगं, पोरीचं मनगट मोडलंय त्यानं."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय मग? झेंडा कुणाकडं? त्याच्याकडं. शिक्का कुणाकडं? त्याच्याकडं. सरकारात युनियन जिती हाय का न्हाय? तूच म्हणतीस जिती हाय. मग तो आपल्या युनियनचा झाला का न्हाय?"

"त्यानं चोरलाय शिक्का!"

"चोर असंल. पण युनियनचा चोर हाय."

आता ह्याला काय म्हणायचं सांगा. मी तिला शिव्या दिल्या, तिनं मला दिल्या. म्हातारपणी भंडारा मोडून मरायचं नाही, असं तिचं चाललं होतं. जिनं आपला गाल जाळणारीला आयुष्यभर हात लावला नाही, ती आता कागदावर सही करून शपथ मोडणार होय? तिच्या बाजूनं तिचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आम्ही अशा भांडत असतानाच जीप आली. कुणीतरी त्याला कळवलं होतं.

तो उतरला, सरळ मोगरीवालीच्या पायाला हात लावला. "आज्जी, तुमी तर आमच्या संस्थापक. तुमच्या आशीर्वादानं चाललंय सगळं." तिला बरं वाटलेलं मला दिसलं. गालावरचा पदर तिनं जरा सारखा केला. मग तो माझ्याकडं वळला.

"काय मावशे, युनियन मारायला निघालाय म्हणं? कागद बघू."

"कसला कागद?"

"पिशवी बघू."

"तुझ्या चुलत्यानं असलं कधी केलं नव्हतं रं भाड्या."

त्यानं मारलं ते हाताच्या पालथ्या बाजूनं. माझी कवळी अंगणात जाऊन पडली. कान असा वाजला की पुढचं सगळं मला पाण्याखालनं दिसल्यासारखं झालं. त्यानं पिशवी हिसकली, कागद काढला, फाडला. त्याच्या बरोबरच्या पोरानं जीपमधनं दांडा आणून दिला. तांबडं फडकं त्याला खरंच गुंडाळलेलं होतं. त्यानं माझ्या गुडघ्यावर घातला. एकदा. मग दुसऱ्या गुडघ्यावर. मी खाली बसले नाही, पडले.

तेवढ्यात मोगरीवाली उठली. बाजल्याखालनं तिनं मोगरी काढली होती. तीच, जुनी, तेलानं काळी झालेली. तिनं ती डोक्याच्या वर उचलली. तिच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, तोंडातनं लाळ गळत होती, आणि मला वाटलं आता ह्याची कवटी उघडणार. मोगरी खाली आली ती शेजारच्या रांजणावर. रांजण फुटला. सगळं पाणी अंगणात, माझ्या लुगड्याखालनं वाहिलं.

"युनियनचा हाय गं तो!" ती किंचाळली. "युनियनचा हाय!"

तो हसला. पोरांना म्हणाला, "बघितलं? ह्याला म्हणत्यात शिस्त." आणि गेला.

पाणी जिरलं. मी चिखलातनं कवळी शोधत होते. मग तिनं विचारलं, "सही केली की युनियन मरती का गं?"

"सही केली, सरकारानं मान्य केलं, की मरती."

"मेली म्हंजे भंडारा सुटला?"

"युनियन जिती हाय तवर, असंच बोललो होतो आपण."

"मग दे तो कागद."

"फाडला की त्यानं."

"मग दुसरा आण. ऊठ."

"गुडघे बघ माझे. उठता येईना."

"तर मग मी आणती," असं म्हणून ती म्हातारी तशीच, ओल्या लुगड्यानं, मोगरी हातात घेऊन झेरॉक्सच्या दुकानाकडं गेली. परत आली ती कोरा कागद आणि बाकी सहाजणींना घेऊनच. गाल जाळणारी सगळ्यात पुढं. माझ्या तोंडातनं रक्त येत होतं, तरी सगळा मजकूर मीच सांगितला.

अर्ज गेला. पण सरकारी मरण एका दिवसात येत नाही. नोटीस निघाली, तारीख पडली. तेवढ्या दिवसांत त्यानं काय काय केलं! गाल जाळणारीच्या गवताची गंजी पेटवली, गोठ्यातली म्हैस होरपळली. दुसऱ्या एकीच्या नातवाला रस्त्यात अडवून इतकं मारलं की पोरगं महिनाभर उजव्या कुशीवर झोपलं नाही. चौकीत तेच उत्तर. आपसातला मामला. आणि मोगरीवाली रस्त्यानं समोरनं तो आला की दोन्ही हात पाठीमागं बांधायची, घट्ट, स्वतःचेच हात पळून जातील असे. रोज संध्याकाळी माझ्या दारात यायची.

"मेली का गं?"

"अजून न्हाय."

"कसली चिवट काढली आपण!"

सुनावणीला तो वकील घेऊन आला. अधिकारी बाईनं त्याला विचारलं, "तुमचे सभासद कोण? शेवटची सभा कधी झाली?" तो म्हणाला, "मॅडम, मीच सगळं बघतो." तिनं मग मोगरीवालीला विचारलं. ही म्हणाली, "सभा? पत्रे उतरवले त्या दिवशी झाली की. आमी सगळ्या हुतो. कोण काय बोललं न्हाय." अधिकारी बाईनं ते लिहून घेतलं.

आदेश रजिस्टरनं आला. मी तो घेऊन लंगडत लंगडत तिच्याकडं गेले आणि वाचून दाखवला. नोंदणी रद्द करण्यात येत आहे, असं होतं.

"म्हंजे मेली?"

"मेली."

ती बाजल्यावर टेकली. ज्या गालावर कातडं जळलंय त्या बाजूच्या डोळ्यातनं पाणी सरळ खाली येत नाही, कानाकडं जातं. मग उठली आणि डोक्यावरनं पाणी घेतलं, घरातलं कुणी गेल्यावर घेतात तसं. मलाही घ्यायला लावलं. "आपलंच माणूस हाय," म्हणाली. "सुतक नको व्हय?" ओल्या केसांनी आम्ही नदीवर गेलो. तिनं पुडीतला भंडारा हिरण्यकेशीत सोडला. पाणी पिवळं झालं, मग नुसतं पाणी.

सकाळी ती पांढरं लुगडं नेसून माझ्या दारात उभी. पदराखाली मोगरी. मीही माझी पायताणं चढवली. वाटेत बाकीच्या चालू शकणाऱ्या मिळाल्या. शेजारची सून पुढं चालली होती, डबा घेऊन, प्लास्टर निघालेला हात जरा वाकडाच धरून.

जीप गेटासमोर आडवी होतीच. दांडाही होता. तो पोरीच्या आडवा आला आणि तेवढ्यात त्याला मागनं येणाऱ्या आम्ही दिसलो.

"आज्जी! आलाय व्हय!" सवयीनं तो पाया पडायला वाकला.

"युनियन मेली रं."

"कळलं की," वाकल्या वाकल्याच तो म्हणाला. "दुसरी काढीन."

"काढ. पण आज न्हाय न्हवं तुझी कुठली?"

त्याला कळायच्या आत मोगरी बसली. डोकं तिच्यासमोर उघडं होतं. तिनं खांदा निवडला. हाडावर बरोबर मधोमध, आणि तो आवाज मी ओळखला. टरफल फुटलं होतं, आतला गर अख्खा होता. तो हंबरला. उठायला गेला तर दुसरी कोपरावर. त्याचा दांडा पडला तो मी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. एकदा. मग दुसऱ्या गुडघ्यावर. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. बाकीच्या होत्याच. चपला, डबे, नखं. गाल जाळणारीनं वाकड्या बोटाच्या हातानं त्याचे केस धरून तोंड मातीत घासलं आणि प्रत्येक घासण्याला "म्हशीचं! म्हशीचं!" म्हणत होती. त्याची पोरं जीपमागं उभी. एकजण पुढं झाला, मोगरीवालीनं नुसतं बघितलं, तो थांबला.

"आज्जी, पुरे!" ती शेजारची सून मधे घुसली. चांगल्या हातानं तिनं मोगरी धरली. "पुरे की! मरंल त्यो!"

मोगरीवाली धापा टाकत होती. "मरत न्हाय. मला कळतंय कुठं मारायचं."

"तरी पुरे."

मग आत घंटा झाली. पोरीनं मातीत पडलेला डबा उचलला, आमच्याकडं एकदा बघितलं आणि गेटातनं आत गेली. तिच्या मागनं बाकीच्या बाया. त्याला वळसा घालून, पाय उचलून.

हवालदार आला तेव्हा आम्ही तिथंच बसलो होतो. त्यानं त्या पुतण्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं.

"काय भानगड हाय ही?"

"आपसातला मामला," गाल जाळणारी म्हणाली.

"कसला आपसातला? तुमची युनियन रद्द झाली म्हणं."

"व्हय," मोगरीवाली म्हणाली. "म्हणून तर आता लिवून घ्यायला लागतंय तुमाला. माझं लिवा. हिचं लिवा. पण पहिलं त्या पोरीच्या मनगटाचं लिवा, ते आधीचं हाय."

त्यानं पानाची पिचकारी टाकली आणि लिहून घेतलं. सगळं. म्हशीचंही.

आता दोन्हीकडनं केसी आहेत. तारखेला जायला एकच एसटी आहे, त्यामुळं तोही तीच धरतो. खांदा उतरलेला, उभाच असतो, एका हातानं दांडी धरून. त्याला कुणी जागा देत नाही. गेल्या तारखेला घाटात गाडी वळली, तसा तो आमच्या अंगावर कोलमडला. मी कवळी सावरली. मोगरीवाली जरा सरकली आणि बाकड्यावर थाप मारून म्हणाली, "बस रं. कोर्टात जाताना न्हाय मारत मी."

तो बसला नाही.